रिव्हर्समध्ये निघालेले भावोजी

आमच्या आत्याला सगळे खटकाआत्या म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण त्याची दोन कारणं सांगितली जातात. एक म्हणजे तिचा धंदा. गाड्यांच्या कुलपांची कामं ती करते. दाराचं, डिकीचं, स्टिअरिंगचं, गिअरचं, जिथे म्हणून एखादा खटका बसतो ते सगळं तिचं. दुसरं कारण असं की तिचे कुणाशीही खटके उडू शकतात. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दुसरं कारण खरं मानतात, पण हळू आवाजात.

तिचं दुकान गॅरेजांच्या रांगेतल्या शेवटच्या गाळ्यात. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर थांबावं एवढीच जागा. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, कोपऱ्यात किल्ली घासायचं मशीन, आणि काउंटरवर लाकडी ठोकळ्याला जखडलेला एका भंगार गाडीचा स्टिअरिंगचा दांडा, चाकासकट. आमचे आजोबा गाड्यांचे सुटे भाग विकायचे. त्यांच्या दुकानात बाकीची भावंडं शेंगा खात बसायची आणि आत्या कुलपं उघडून बसायची. उघडलेलं कुलूप परत जोडताना एक स्प्रिंग उरली की ती खिशात घालायची आणि आजोबांना सांगायची की कंपनीनेच जास्तीची दिली होती.

त्या काउंटरवरच्या चाकाचा उपयोग ती शिकवणीसाठी करते. गिऱ्हाईक येतं, घाबरंघुबरं झालेलं असतं, म्हणतं, "बाई, स्टिअरिंग जाम झालंय, किल्लीही फिरत नाही, सगळं लॉक गेलं."

"गेलं नाही, आलंय," आत्या म्हणते. "हे बघा. किल्ली काढली की आतली स्प्रिंग हा जाड लोखंडी खिळा पुढे ढकलते. दांड्यावर हे कडं आहे, त्याला खाचा आहेत. चाक जरा फिरलं की खाच खिळ्यासमोर येते आणि खट्. आता चोर आला तरी गाडी फक्त सरळ नाहीतर फक्त वाकडी जाईल, म्हणजे भिंतीत जाईल."

"पण मी चोर नाही."

"गाडीला काय माहीत? तुम्ही गाडी लावताना चाक वळवून ठेवलं. चाक खाचेच्या एका कडेला रेलून बसलं आणि खिळा मधे चेपला. चेपलेला खिळा किल्लीने मागे येत नाही. तुम्ही किल्लीवर जोर काढलात, हो ना? जोर चाकावर काढायचा, तोही लाडाने. रेललंय त्याच्या उलट बाजूला थोडंसं ओढून धरायचं आणि त्याच वेळी किल्ली फिरवायची."

साध्या माणसाला ती असं नीट सांगते. जो आवाज चढवून येतो त्याचं मात्र काही खरं नाही. एकदा एका कंत्राटदाराने तिला फोनवरच झापलं. लॉक सडलंय, नवं घेऊन ताबडतोब या. ही गेली. त्याच्या कार्यालयासमोर गाडी, भोवती त्याचीच माणसं. आत्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हिच्याशी रागाने बोललात का?"

तो म्हणाला, "बोललो असेन."

"काय बोललात ते सांगू नका, इथे माणसं आहेत. फक्त सॉरी म्हणा. जवळ जाऊन."

कंत्राटदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि काचेजवळ तोंड नेऊन सॉरी म्हटलं. तेवढ्यात आत्या दुसऱ्या बाजूने आत बसली, डाव्या हाताने चाक हलकेच ओढलं, उजव्या हाताने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. तो माणूस पुढे कित्येक महिने सकाळी गाडीत बसण्याआधी तिच्याशी गोड बोलायचा असं त्याच्या ड्रायव्हरने सांगितलं. आत्याने खरं काय ते त्याला कधीच सांगितलं नाही. म्हणाली, "त्यात त्याच्या बायकोचाही फायदा असेल, कुणी सांगावं?"

अशा बाईला नवरा मिळाला तो मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. आतोबा गाडीइतकेच शांत, आणि तीही उभी असलेली गाडी. हॉर्न वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर ओरडणं असं ते मानतात. शिकणाऱ्याने खांबाला गाडी घासली तर खांबाकडे पाहून "जागा चुकलीच जरा" म्हणतील. त्यांची आणखी एक खोड म्हणजे थोरल्या भावापुढे त्यांचं तोंड उघडत नाही.

हे थोरले भाऊ, आत्याचे भावोजी, फोटोग्राफर. बाजारात त्यांचा स्टुडिओ आहे. आयुष्यभर लोकांना "हलू नका, मान सरळ, हनुवटी खाली" असं सांगितल्यामुळे आपण म्हणू तसं माणसं बसतात असा त्यांचा पक्का समज झालेला. आत्याचे सासरे गेले तेव्हा त्यांची जुनी मोटार आतोबांकडे आली, कारण भावोजींच्या इमारतीत गाडी लावायला जागा नव्हती. पण गाडीची दुसरी किल्ली मोठेपणाच्या नात्याने भावोजींनी स्वतःकडे ठेवली. ती किल्ली ते सरळ वापरायचे. विचारायचं बिचारायचं काही नाही. बाहेरगावचं काम आलं की यायचे, कॅमेऱ्याच्या पेट्या, दिवे, तिवई मागे कोंबायचे आणि निघून जायचे. संध्याकाळी गाडी परत यायची तेव्हा सीट मागे सरकलेलं, आरसे आभाळाकडे, आणि पेट्रोलचा काटा तळाला झोपलेला.

आत्या म्हणायची, "अहो, तुमच्या दादांना एकदा सांगा ना, आधी फोन करत जा म्हणून."

आतोबा म्हणायचे, "सांगतो." आणि मग दादा आले की त्यांना पाणी विचारायचे.

एके दिवशी हद्द झाली. आत्याची हत्यारांची पेटी डिकीत होती. एक डॉक्टरीणबाई दवाखान्याबाहेर अडकल्या होत्या, किल्ली कुलपातच तुटलेली. आत्या पायऱ्या उतरून खाली आली तर गाडी नाही. भावोजी गाडी घेऊन कुठल्याशा बागेत कुणा नवरा-नवरीचे फोटो काढत होते आणि आत्याच्या पेटीवर, हे नंतर कळलं, नवरीला बसवलं होतं. उंची बरोबर आली म्हणून.

मी तेव्हा आतोबांकडे गाडी शिकत होते, रोज सकाळी त्यांच्या घरी जायचे. त्या दिवशी आत्या भांडेल असं मला वाटलं. ती भांडली नाही. शांतपणे भाजी चिरत बसली, आणि आत्या शांत बसली की आतोबा उगाच भांडी आवरायला लागतात.

"तू दादांशी बोलणार आहेस का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी भावोजींना एक शब्द बोलणार नाही," आत्या म्हणाली. "गाडीला सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने गाडीला गिअर लॉक बसवलं. मी शेजारी बसून पाहिलं. गिअरच्या दांड्याशेजारी एक पोलादी चौकट तिने खालच्या पत्र्याला बोल्टने जखडली. बोल्ट असे की शेवटपर्यंत आवळले की त्यांची डोकी तुटून पडतात, म्हणजे पुन्हा पान्याने खोलायची सोय नाही. मग तिने दांडा रिव्हर्समध्ये टाकला आणि चौकटीतून एक जाड पिन आडवी ढकलली. खट्. दांडा जागच्या जागी गारद. पिन मागे यायची ती फक्त कुलपाच्या किल्लीने.

"रिव्हर्समध्येच का?" मी विचारलं.

"कारण चोराला पुढे पळायचं असतं," ती म्हणाली. "गाडी सुरू होईल, चाक फिरेल, सगळं होईल, पण जाईल ती फक्त मागे. तसा कोण पळतो?"

आतोबा खिडकीतून वाकून पाहत होते. "अगं, दादांना काय वाटेल?"

"वाटेल की गाडीला कुलूप आहे. मग ते जिना चढून वर येतील, किल्ली मागतील, मी हसून देईन. चहाही देईन. मागायला लावायचं, एवढंच आहे माझं."

या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक आत्याने स्वतःच्या कमरेला लावली. दुसरी तिने कुणाला दिली ते आतोबांनाही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात भावोजी आले. एका कारखान्यातल्या सगळ्या कामगारांचा मिळून एक फोटो काढायचा होता, माणसं रांगा लावून उभी राहणार होती, वेळेवर पोचणं भाग होतं. आम्ही तिघं वरच्या गॅलरीत. आत्याच्या हातात कप. भावोजींनी पेट्या मागे ठेवल्या, इस्त्रीच्या शर्टाला सुरकुती पडू नये अशा बेताने आत बसले, किल्ली लावली. गाडी सुरू झाली. मग बराच वेळ काही झालं नाही. गाडी नुसती गुरगुरत होती. मग त्यांचं डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग ते काचेतून वर पाहू लागले.

आत्याने मान लववून नमस्कार केला.

आतोबा कुजबुजले, "जाऊन देऊ का किल्ली?"

"हलू नका," आत्या म्हणाली. "मान सरळ ठेवा."

जिना जेमतेम हाकेच्या अंतरावर होता. भावोजींनी उतरायचं, वर यायचं आणि एक वाक्य बोलायचं. तेवढं एक वाक्य त्यांच्याच्याने होईना. त्यांनी आरसा नीट केला, उजवा हात चाकावर ठेवला, डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली आणि क्लच सोडला. गाडी फाटकातून मागे मागे बाहेर पडली, रस्त्यावर डौलात वळली आणि शेपटीकडून कारखान्याच्या दिशेने चालू लागली.

आत्याच्या हातातला कप तसाच राहिला. तिने सगळ्याचा विचार केला होता, एवढा एक सोडून.

"गेले," आतोबा म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते धावले.

खाली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती, पुढेमागे शिकाऊचं लाल अक्षर लावलेली. आतोबा सवयीने मास्तरांच्या सीटवर बसले, त्यामुळे चालवायची पाळी माझ्यावर आली. आम्ही निघालो आणि वळणावर भावोजींना गाठलं. आता चित्र असं होतं, की भावोजींची गाडी पुढे चाललेली, पण तिचं तोंड आमच्याकडे. आमच्या गाडीचं तोंड त्यांच्याकडे. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक ठेवून एकाच दिशेला चाललेल्या, आणि काचेपलीकडे भावोजी. ते क्षणभर पुढे पाहायचे तेव्हा थेट आतोबांच्या डोळ्यांत पाहायचे, मग घाईने मान वळवून मागचा रस्ता पाहायचे. रिव्हर्सचा गिअर असा किंचाळत होता की शिंप्याच्या दुकानातली मशिनं थांबली आणि सगळे कारागीर पायरीवर आले.

आतोबांनी काच खाली केली आणि बाहेर डोकं काढलं. "दादा, थांबा."

"तू आधी मागे हो," भावोजी ओरडले. "अंगावर येतोयस."

"मागे तुम्ही होताय, दादा."

भावोजींनी घाईने मान मागे वळवली. रस्त्यावरच्या लोकांना बरंच काही सुचत होतं. दूधवाल्याने विचारलं की घरी काही विसरलं का. एक आजीबाई नातवाला म्हणाल्या, बघ, ही गाडी जाऊन आली की अजून जायची आहे? खरं सांगायचं तर भावोजी गाडी उत्तम नेत होते. कुठे रेघ चुकली नाही, कुणाला धक्का लागला नाही, वळणावर हातसुद्धा दाखवला, फक्त कोणता हात दाखवावा यावर त्यांचा जरा गोंधळ झाला. मी त्या वेळी रिव्हर्सला इतकी घाबरायचे की गल्लीतून गाडी बाहेर काढायला शेजाऱ्यांना बोलवायचे. मला तर त्यांचा हेवाच वाटत होता.

चौकात हवालदाराने हात केला. भावोजी थांबले. आम्हीही थांबलो, नाकाला नाक.

हवालदार आधी एका बाजूने आला, मग विचार करून दुसऱ्या बाजूने आला. "कुठे निघालात?"

"कारखान्यात."

"तोंड तर घराकडे आहे."

"तोंड घराकडे असलं तरी काम तिकडे आहे," भावोजी म्हणाले. त्यांची मान अजून मागेच वळलेली होती. ती आता पुढे येत नव्हती.

हवालदार पेचात पडला. गाडी रस्त्याच्या योग्य बाजूला होती. वेगही बेताचा होता. "तुम्ही बरोबर बाजूने उलटे चाललाय," तो हळूहळू म्हणाला, "की उलट्या बाजूने बरोबर, तेच मला कळेना. आणि हे समोरचे कोण?"

"हा माझा धाकटा भाऊ."

"तो तुमच्या मागे लागलाय?"

"माझ्या पुढे लागलाय," भावोजी म्हणाले.

एवढ्यात आत्याची स्कूटर आली. ती आमच्या मागोमागच निघाली होती. हेल्मेट काढून ती भावोजींच्या खिडकीपाशी गेली आणि मला वाटलं, आता ही त्यांच्याकडून ते एक वाक्य वदवून घेणार. सबंध चौक बघत होता, याहून चांगली संधी कुठली? तिने त्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, मान एका बाजूला अडकलेली, आणि तरी हनुवटी खाली, फोटोत हवी तशी. आत्याचा चेहरा बदलला. तिने ओठ आत दाबले. ती हसू दाबत होती की दुसरं काही, हे मला अजून कळलेलं नाही.

मग ती हवालदाराकडे वळली. "साहेब, हे आमचे थोरले भावोजी. माझं कुलपांचं दुकान आहे. नवीन गिअर लॉक बसवलंय, त्याची चाचणी घ्यायला मीच त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला असं गाडी मागे नेणं जमलं नसतं."

"भर रस्त्यात चाचणी?"

"चूक माझी. मैदानात घ्यायला हवी होती."

हवालदाराने भावोजींकडे पाहिलं. "एवढ्या लांबून मागे मागे आलात?"

"घरापासून," भावोजी म्हणाले आणि मान वळत होती तेवढी वळवून जरा ताठ बसले.

आत्याने खिडकीतून हात आत घातला, कमरेची किल्ली कुलपात लावली. खट्. पिन बाहेर आली. दांडा मोकळा झाला. कुणी काही मागितलं नाही आणि कुणी काही दिलं असंही दिसलं नाही.

भावोजींनी गिअर न्यूट्रलमध्ये आणला, दोनदा इकडेतिकडे हलवून पाहिला. "चाचणी झाली," ते म्हणाले. "कुलूप पक्कं आहे."

"आभारी आहे, भावोजी," आत्या म्हणाली.

त्यांनी गाडी वळवून घेतली आणि माणसांसारखे सरळ कारखान्याकडे गेले. कामगारांच्या त्या फोटोत, म्हणे, मागची सगळी रांग किंचित डावीकडे कललेली आहे, कारण फोटो काढणाऱ्याची मान कललेली होती.

घरी जाऊबाईंनी, म्हणजे भावोजींच्या पत्नीने, त्यांची मान तेल लावून चोळली. चोळता चोळता त्या अधूनमधून आत स्वयंपाकघरात जायच्या, कढईवर झाकण ठेवायच्या आणि भिंतीला टेकून पोट धरून हसायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. भावोजी कारखान्याला कधी निघणार ही खबर आत्याला त्यांनीच दिली होती, आणि कुलपाची दुसरी किल्लीही त्यांच्याच डब्यात होती, मसाल्याच्या.

भावोजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी निघालो तेव्हा किल्ली माझ्याच घरात होती?"

"होती की."

"मग दिली का नाहीस?"

"मागितली कुठे तुम्ही?" जाऊबाई म्हणाल्या.

त्यानंतर गाडी हवी असली की भावोजी आधी बायकोला विचारायचे, बायको आत्याला फोन करायची, आत्या आतोबांना विचारायची आणि आतोबा म्हणायचे, "दादांना हवी असेल तर मी काय सांगणार?" आत्याला पेट्रोल पूर्वीइतकंच कमी मिळायचं, पण विचारून.

माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढेच झाली. त्या दिवशीचा प्रकार गावभर झाला, आणि लोक हसतील म्हणून भावोजी आधी धास्तावले होते, पण लोक भलतंच विचारू लागले. एवढ्या लांब मागे मागे गाडी नेली कशी? मान कशी ठेवायची? आरसा बघायचा की काच? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येणारी प्रत्येक व्यक्ती रिव्हर्सलाच अडायची. आतोबांनी एकदा घाबरत घाबरत विषय काढला, "दादा, रविवारी सकाळी जरा याल का? मुलं तुम्हाला बघायचं म्हणताहेत." भावोजी आले. आणि येतच राहिले. पुढे जायचं आतोबांनी शिकवायचं, मागे यायचं भावोजींनी, अशी वाटणीच झाली. "हलू नका" म्हणायची सवय इथे उपयोगी पडली. "तू हलू नकोस. गाडीला हलू दे. हनुवटी खांद्यावर. आता सोड क्लच." मी रिव्हर्स शिकले ती त्यांच्याकडून. आता कुठल्याही गल्लीतून बाहेर निघते, शेजारी झोपलेले राहतात.

आत्याशी मात्र त्यांचा हिशोब आतून चालूच होता. तो चुकता करायची संधी त्यांना मिळाली ती ड्रायव्हिंग स्कूलने ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हा.

नव्या गाडीची जाहिरात करायची म्हणून भावोजी कॅमेरा घेऊन आले होते. आतोबा आत बसले, गाडी सुरू केली, पण दांडा पी वरून हलेना. आतोबांनी आत्याला बोलावलं. ती आली ती हत्यारांची पेटी घेऊनच.

"याला पार्किंगचं लॉक म्हणतात," तिने आम्हाला समजावलं. "दांडा पी मध्ये असला की आत एक खटका अडकतो. ब्रेक दाबला की विजेवर चालणारं चुंबक तो खटका ओढून घेतं, मगच दांडा सुटतो. म्हणजे लहान मुलाने नुसता दांडा ओढला तर गाडी निघू नये. आणि दांडा पी मध्ये आणल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त."

दांड्याशेजारचं बोटाएवढं झाकण तिने किल्लीच्या टोकाने उचकटलं, आत किल्ली दाबली, दांडा सुटला. "ही चोरवाट, अडल्यानडल्याला. म्हणजे खटका बरा आहे. चुंबक गेलंय." आणि ती कामाला लागली. दांड्याभोवतालचं सगळं प्लास्टिक काढलं, सीट सरकवलं, तारा मोजल्या, चुंबकाला वेगळी वीज देऊन पाहिली. चुंबक टुणकन उडालं. ठणठणीत. तिने पुन्हा जोडलं, दांडा पुन्हा अडकला. आत्याच्या कपाळावर आठी आली. दुपार सरत चालली होती.

भावोजी गाडीच्या मागे तिवई लावून उभे होते. उजेड जातोय म्हणून चुळबुळत होते. शेवटी त्यांनी हाक मारली, "अरे, ब्रेक दाब. मागचे लाल दिवे लागले की फोटो बरा येईल."

"दाबलाय, दादा," आतोबा म्हणाले. "मघापासून दाबूनच बसलोय."

"मग दिवे का लागत नाहीत?"

आत्या गाडीत वाकलेली होती, ती तशीच थबकली. मग हळूच बाहेर आली, मागे गेली, दिव्यांकडे पाहिलं. आतोबांचा पाय ब्रेकवर होता आणि दिवे काळे होते. ब्रेकच्या पायपट्टीवर एक छोटा स्विच असतो. तोच मागचे दिवे लावतो आणि तोच चुंबकालाही सांगतो की ब्रेक दाबलाय. स्विच गेला की दिवेही नाहीत आणि दांडाही नाही. हे आत्याला झोपेतही सांगता आलं असतं. फक्त गाडीच्या मागे जाऊन बघायचं तिला सुचलं नव्हतं, कारण कुलूप पुढे होतं.

तिने पायपट्टीखाली आडवी पडून स्विच बदलला. ब्रेक दाबला, दिवे लाल झाले, दांडा लोण्यासारखा सरकला. ती उठली, हात पुसले आणि भावोजींसमोर उभी राहिली.

"भावोजी, हे माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही बघितलंत."

"माझं कामच बघायचं," भावोजी म्हणाले. शब्द नम्र होते, पण चेहरा असा फुलला होता की त्याच उजेडात फोटो निघाला असता.

पुढे कित्येक दिवस त्यांच्या स्टुडिओत जो कुणी फोटो काढायला येई त्याला ही गोष्ट ऐकावी लागे. पासपोर्टचा फोटो हवा असला तरी. गोष्ट दर वेळी थोडी वाढायची. आधी किल्लीवालीने दुपार घालवली, मग दिवस घालवला, मग म्हणे तिने हात टेकले आणि गाडी ढकलत न्यायचं ठरलं, एवढ्यात फोटोवाल्याने लांबून नुसती नजर टाकली.

त्यांचंच एक गिऱ्हाईक एकदा किल्ली बनवायला आत्याच्या गाळ्यात आलं. मी तिथे उभी होते. किल्ली घासून होईपर्यंत वेळ जावा म्हणून त्या माणसाने सगळी हकीकत आत्यालाच सांगितली, हातवारे करून.

आत्याने मशीन बंद केलं. "काय सांगता? आणि ती बाई कुलपांची जाणकार म्हणवते?"

"तर काय. मोठं नाव आहे म्हणे तिचं."

"वय झालं असेल हो बिचारीचं," आत्या म्हणाली. "की मुळातच जरा मंद आहे?"

"तसं मी नाही म्हणत," तो माणूस सावरून म्हणाला.

"मी म्हणते," आत्या म्हणाली. तिने किल्लीवरचा कीस फुंकून उडवला आणि ती त्याच्या हातात दिली. "आणि तो फोटोवाला? दिसायला कसा आहे?"

"एकदम रुबाबदार. मान मात्र अजून जरा मागे वळलेली असते."

"तरीच," आत्या म्हणाली. "म्हणून गाडीच्या मागचं दिसलं असणार त्याला."